नेट वाढवलं, तरी लॅपटॉप हळूच? बिघाड नेमका कुठे ते शोधूया



आपल्या प्रभागसंघाच्या कार्यालयात जे घडलं ते आधी सांगते, मग शिकण्याचा भाग. कारण यात थोडी चूक माझी पण आहे.

कार्यालयातलं नेट हळू चालतं ही तक्रार जुनी होती. मासिक सभेत विषय आला तेव्हा मीच म्हणाले, “३० एमबीपीएसचा प्लॅन आहे, १०० चा करून घेऊ, प्रश्न मिटेल.” ठराव झाला. दरमहा तीनशे रुपये जास्त, म्हणजे वर्षाचे ३६०० रुपये. हे पैसे तुमच्या-माझ्या गटांच्या वर्गणीतले आणि सेवा शुल्कातले. वायर जोडणारा मुलगा आला, नवीन डबा बसवला, जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड टाकून दिला, मोबाईलवर स्पीड दाखवला आणि गेला. मोबाईलवर खरंच ९० च्या वर आकडा आला होता. आम्ही चहा पाजला.

पण दुसऱ्या दिवशीपासून लॅपटॉपवर तेच. गोल फिरतंय, फिरतंय, फिरतंय. सहा गटांच्या बँक कर्जाच्या फाईली स्कॅन करून वर पाठवायच्या होत्या. अर्ध्यात आलं की पोर्टल बाहेर फेकायचं, परत लॉगिन, परत पहिल्यापासून. एका गटाच्या ताया फाईल गेली असेल म्हणून मजुरी बुडवून बँकेत गेल्या आणि तशाच परत आल्या. पेरणी तोंडावर होती. आणि बोलणी कोणाला बसली? लेखापाल ताईंना. “नेट तर वाढवलंय, आता तरी हात चालवा की!” असं सभेत एकजण बोलून गेली. ताई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेल्या, हे मी पाहिलं.

पुढच्या सभेत दोन सूचना आल्या. एक, २०० चा प्लॅन घेऊ. दुसरी, लॅपटॉप जुना झाला, नवीन घेऊ. नवीन लॅपटॉपचं कोटेशन ३८ हजारांचं होतं. मी म्हटलं, आठ दिवस द्या, आधी बिघाड कुठे आहे ते बघू. तेव्हा जे बघितलं, ते सगळं खाली लिहिलंय. तुमच्या ग्रामसंघाच्या कार्यालयात, घरी मुलांच्या अभ्यासाला, कुणाच्या आपले सरकार सेवा केंद्रात, सगळीकडे हेच लागू होतं.

नेट तुमच्यापर्यंत दोन टप्प्यांत येतं

गावात पाणी योजनेची मुख्य लाईन दोन इंचाची झाली म्हणून तुमच्या मोरीतल्या नळाला पाणी जास्त येईलच असं नाही. घरात आलेला पाईप अर्ध्या इंचाचा असेल, मध्ये कुठे गळत असेल, तोटीत कचरा असेल, तर बाहेर धरण बांधलं तरी बादली तेवढ्याच वेळात भरणार. नेटचं तसंच आहे. बाहेरून तार येते ती डब्यापर्यंत. प्लॅन वाढवला म्हणजे फक्त हा पहिला टप्पा वाढला. डब्यापासून लॅपटॉपपर्यंत जे हवेतून येतं ते वायफाय. हा दुसरा टप्पा. त्याचे पैसे कोणी वेगळे घेत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघतही नाही. आपण पैसे भरले पहिल्या टप्प्याचे आणि अडलं होतं दुसऱ्या टप्प्यात.

मोबाईलवर ९० आणि लॅपटॉपवर गोल गोल, इथेच मला समजायला पाहिजे होतं. नाही समजलं.

आधी आकड्यांचा घोळ सोडवूया

प्लॅनवर लिहिलेलं असतं १०० एमबीपीएस. आपल्याला वाटतं सेकंदाला १०० एमबी. तसं नाही. यातलं ‘बी’ हे बिटचं असतं आणि फाईलचा आकार आपण मोजतो बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० ला ८ ने भागायचं, साडेबारा आले. म्हणजे १०० चा प्लॅन सगळं उत्तम चाललं तर सेकंदाला साडेबारा एमबीची फाईल ओढतो. तुम्ही एखादी फाईल उतरवताना कोपऱ्यात ११ किंवा १२ दिसलं तर कंपनीने फसवलं असं समजू नका, ते बरोबर आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्पीड तपासताना दोन आकडे येतात, डाऊनलोड आणि अपलोड. व्हिडिओ बघणाऱ्याला डाऊनलोड लागतो. आपलं काम उलटं आहे. आपण फोटो चढवतो, स्कॅन चढवतो, नोंदी पाठवतो. आपल्याला अपलोड बघायचा. एका फाईलीचे ४० फोटो धरा, मोबाईलवरून काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो, झाले १६० एमबी. अपलोड १ एमबीपीएस असेल तर याला २१ मिनिटं लागतात. अपलोड ३० असेल तर पाऊण मिनिट. आमच्या टेबलावर अपलोड किती होता माहितीय? एक. लेखापाल ताईंचे हात कितीही चालले तरी काय होणार होतं?

(फोटो काढताना कागदाचाच फोटो असेल तर स्कॅनच्या ॲपने काढा, साईज बरीच कमी होते. पण तो वेगळा धडा आहे.)

तपासणी: चार आकडे वहीत लिहायचे

ब्राऊजरमध्ये स्पीड टेस्ट करणारी पानं असतात. ‘फास्ट डॉट कॉम’ उघडलं की लगेच मोजायला लागतं, अपलोड बघायला त्यातच ‘शो मोअर’ दाबायचं. मोबाईलसाठी ट्रायचं ‘मायस्पीड’ नावाचं ॲप आहे. कुठलंही चालेल, पण चारही वेळा एकच वापरा. आणि मोजताना बाकीच्यांचे मोबाईल वायफायवरून काढायला सांगा, नाहीतर एकजण भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ बघत असते आणि आपला आकडा चुकतो.

पहिला आकडा, मोबाईल हातात घेऊन डब्यापासून दोन पावलांवर. दुसरा, लॅपटॉप उचलून त्याच जागी. तिसरा, लॅपटॉप रोजच्या टेबलावर. चौथा, लॅपटॉपला डब्यातून थेट तार जोडून. ही तार म्हणजे लॅन केबल, टोकाला टेलिफोनच्या पिनेसारखी पण जरा रुंद पिन असते. नवीन डब्याबरोबर खोक्यात बहुतेक वेळा एक छोटी तार येते, ती फेकू नका. तारेने मोजताना लॅपटॉपचं वायफाय बंद करा, नाहीतर कोणत्या वाटेने आलं ते कळत नाही.

आमचे आकडे असे आले. मोबाईल डब्याजवळ ९१. लॅपटॉप डब्याजवळ २०. लॅपटॉप टेबलावर ६. लॅपटॉप तारेने ९४.

आता हे वाचायचं कसं ते बघा, कारण खरा धडा इथेच आहे. तारेने ९४ आले, म्हणजे बाहेरून येणारं नेट ठीक आहे. (१०० च्या तारेवर ९४-९५ दिसले की पूर्ण आले समजायचं, वरचे थोडे पाकिटाच्या वजनात जातात.) आणि त्याच लॅपटॉपवर ९४ आले, म्हणजे लॅपटॉपही मेलेला नाही. नवीन लॅपटॉपचे ३८ हजार या एका आकड्याने वाचले. २०० च्या प्लॅनचाही प्रश्न मिटला, कारण आहेत ते १०० च लॅपटॉपपर्यंत पोचत नव्हते. उरलं वायफाय. त्यातही दोन भाग पडले. डब्याला चिकटून बसलं तरी २० च, म्हणजे जोडणीतच काहीतरी आहे. आणि टेबलापर्यंत जाता जाता २० चे ६ होतात, म्हणजे वाटेत अडथळा आहे.

तुमच्याकडे जर तारेनेही आकडा कमी आला, समजा १०० च्या प्लॅनला १५, तर मात्र मामला वेगळा. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी मोजा, सकाळी एकदा, रात्री आठ-नऊला एकदा. मग बिल काढून बघा. बऱ्याच प्लॅनना महिन्याच्या डेटाची मर्यादा असते, ती संपली की स्पीड एकदम खाली आणतात. महिन्याच्या सुरुवातीला छान आणि शेवटी रडगाणं असेल तर हेच कारण. मर्यादा संपलेली नसेल तर तक्रार करायची, आणि तक्रार करताना “नेट स्लो आहे” एवढंच सांगायचं नाही. “तारेने जोडून अमुक तारखेला अमुक वाजता एवढा डाऊनलोड, एवढा अपलोड आला, प्लॅन १०० चा आहे” असं सांगायचं आणि तक्रार क्रमांक वहीत लिहायचा. वायफायवर मोजलेला आकडा सांगितला की समोरचा म्हणतो तुमच्या घरातला प्रॉब्लेम आहे. तारेने मोजलेला सांगितला की त्याला उत्तर द्यावं लागतं.

डब्याजवळ बसूनही २० का?

याचं उत्तर लॅपटॉपनेच दिलं. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज. खाली सरकत जा. तिथे ‘लिंक स्पीड’, ‘नेटवर्क बँड’, ‘प्रोटोकॉल’ आणि ‘सिक्युरिटी टाईप’ असं लिहिलेलं दिसेल. लिंक स्पीड म्हणजे लॅपटॉप आणि डबा यांच्यात ठरलेला जास्तीत जास्त वेग. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपासच हातात येतो, कारण हवेत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलायचं, थांबायचं, पोच घ्यायची, यात वेळ जातो. सभेत सगळ्या एकदम बोलल्या तर इतिवृत्त लिहिता येत नाही ना, तसंच.

आमच्या लॅपटॉपवर लिंक स्पीड होता ५४. हा आकडा दिसला की थांबायचं. ५४ हा वायफायच्या जुन्या पिढीचा वेग आहे, २००३ सालचा. आमचा लॅपटॉप जुना असला तरी एवढा जुना नाही. मग तो जुन्या पिढीसारखा का वागत होता?

कारण होतं पासवर्डच्या कुलपात. वायफायच्या कुलपाचे प्रकार असतात. पूर्वी डब्ल्यूईपी होतं, नंतर टीकेआयपी, मग एईएस. पहिली दोन्ही आता कच्ची समजतात, तोडता येतात. आणि नव्या पिढीच्या वायफायचा नियमच आहे की कुलूप जुनं असेल तर नवा वेग द्यायचा नाही. जोडणी ५४ वर अडकते. नवीन डबा बसवताना जुनं नाव, जुना पासवर्ड आणि त्याबरोबर जुन्या पद्धतीचं टीकेआयपी कुलूपही तसंच चढवलं गेलं होतं. म्हणजे १०० चं नेट, पण दाराला कुलूप वीस वर्षांपूर्वीचं.

आणि गंमत म्हणा की लाज म्हणा, वायफाय जोडताना नावाखाली ‘हे नेटवर्क सुरक्षित नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ विंडोज रोज दाखवत होतं. लेखापाल ताईंनी मला एकदा विचारलं पण होतं. मी म्हटलं, “असू द्या ताई, तसं येतंच.” ताईंनो, तसं येत नसतं. त्या लॅपटॉपवर आपल्या सगळ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक आहेत. यापुढे स्क्रीनवर कुठलीही सूचना आली आणि कळली नाही तर फोटो काढून पाठवा. मीच विचारू नका म्हटलं तरी पाठवा.

कुलूप बदलायला पाच मिनिटं लागली. डब्याच्या खाली चिकटपट्टीवर एक पत्ता लिहिलेला असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ असा. तो लॅपटॉपच्या ब्राऊजरमध्ये टाकला की डब्याचं पान उघडतं. चिकटपट्टीवरचंच नाव आणि पासवर्ड टाकायचा, वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन नावाच्या भागात जायचं, तिथे सिक्युरिटीमध्ये ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ निवडायचं, सेव्ह करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. हे जमणार नाही असं वाटलं तर वायर जोडणाऱ्याला फोन करून एवढंच वाक्य सांगा: “वायफायचं सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ एईएस करून द्या, टीकेआयपी नको.” हे वाक्य ऐकल्यावर तो तुम्हाला ताई म्हणून बोलतो, आधी “मॅडम रिस्टार्ट करा” म्हणत असतो!

बदलल्यावर लॅपटॉप पुन्हा जोडला. लिंक स्पीड ७२ झाला, डब्याजवळचा आकडा २० वरून ४१ वर गेला. एक रुपया खर्च नाही.

वायफायचं ५जी आणि मोबाईलचं ५जी वेगळं

मग मोबाईलला ९१ आणि लॅपटॉपला ४१ च का, हा प्रश्न उरला. नव्या डब्यातून दोन नावं निघतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं. लेखापाल ताईंना वाटत होतं ज्यांचा मोबाईल ५जी आहे त्यांच्यासाठीच ते दुसरं नाव. असं अनेकींना वाटतं, म्हणून स्पष्ट सांगते. मोबाईलच्या ५जीमधला ‘जी’ म्हणजे पिढी, पाचवी पिढी. वायफायच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, हवेतल्या लहरींचा एक पट्टा. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ४जी मोबाईलही वायफायच्या ५जीला जोडता येतो, मोबाईलमध्ये तशी सोय असेल तर.

साधं नाव असतं २.४ गिगाहर्ट्झचं. ते लांब जातं, भिंतीतून जरा बरं जातं, पण त्यात गर्दी फार. शेजाऱ्यांचे डबे, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे याच पट्ट्यात. ५ चा पट्टा रुंद रस्त्यासारखा, वेग जास्त, पण जाड भिंत आली की दमतो. म्हणून डबा त्याच खोलीत असेल तर ५ वाल्याला जोडा, खोली लांब असेल तर साध्याला. दोन्ही जोडून मोजा आणि जास्त येईल ते ठेवा, यात मोठं शास्त्र नाही.

आमच्या लॅपटॉपला ५ वालं नाव दिसतच नाही. अनेक जुन्या आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये फक्त २.४ चं कार्ड असतं. तुमच्या मोबाईलमध्ये ते नाव दिसतं आणि लॅपटॉपमध्ये नाही, म्हणजे कार्ड तेवढंच आहे असं समजा. त्यासाठीही नवीन लॅपटॉप लागत नाही. यूएसबीला लावायचं दोन्ही पट्ट्यांचं वायफाय अडॅप्टर साधारण हजार-दीड हजारात मिळतं, पेन ड्राईव्हएवढं असतं. घेताना ‘ड्युअल बँड’ लिहिलंय ना ते बघा, नाहीतर परत २.४ चंच गळ्यात मारतील.

टेबलापर्यंत जाता जाता कुठे सांडतं?

आमचं कार्यालय जुन्या इमारतीत, मधली भिंत दगडी, दीड हाताची. डबा होता बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटावर, मागे, जुन्या कॅशबुकांच्या गठ्ठ्याआड. का? तर तार तिथून आत येते आणि कपाटावर कोणाचा हात लागत नाही. वायफायला लोखंड आणि पाणी या दोन गोष्टी फार नडतात. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, आरसा, पाण्याची टाकी, यांच्या आड डबा ठेवला की लहरी तिथेच अडतात. दगडमातीची जाड भिंत आली की उरलेसुरले जातं. डबा जमिनीवरही नको. छातीएवढ्या किंवा त्याहून वरच्या उंचीवर, मोकळ्यावर, शक्यतो ज्या खोलीत काम होतं तिथे, निदान दाराच्या रेषेत.

आम्ही कपाटावरून काढून दाराजवळच्या फळीवर ठेवला. तार तेवढी पुरत होती. फायबरची तार असेल तर ती वाकवताना जपा, आत काचेचा धागा असतो, कोपऱ्यात दुमडली की तुटते. आपणहून ओढाओढ करू नका, वायरवाल्याला बोलवा. जागा बदलल्यावर टेबलावरचा आकडा ६ होता तो ३३ झाला. अपलोड २८.

इथे थांबलो असतो तरी काम झालं असतं. पण फाईली चढवायच्या दिवशी धाकधूक नको म्हणून आम्ही पंधरा मीटरची लॅन केबल घेतली, काहीशे रुपयांत आली, दाराच्या चौकटीवरून खिळे मारून टेबलापर्यंत नेली. आता टेबलावर ९४ येतात. माझं मत विचाराल तर लेखापालाच्या टेबलाला कायम तारच असावी. वायफाय मोबाईलला आणि फिरत्या कामाला. तुमच्या लॅपटॉपला त्या पिनेचं भोकच नसेल तर यूएसबीला लावायचा लॅनचा जोड मिळतो.

तारेबद्दल एक लक्षात ठेवा. तिच्यात आठ बारीक वायरी असतात. १०० पर्यंतच्या वेगाला चारच लागतात, त्यापुढे आठही लागतात. जुन्या लॅपटॉपचं भोकही पुष्कळदा १०० चंच असतं. म्हणजे आपण २०० चा प्लॅन घेतला असता, तर तारेनेही या लॅपटॉपवर ९४ च आले असते आणि आपण परत लेखापाल ताईंना बोललो असतो.

लॅपटॉपच्या आतले खाऊ

वर सांगितलेलं सगळं ठीक असूनही मध्येच स्पीड पडत असेल तर लॅपटॉप मागच्या मागे दुसरंच काही ओढत असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘नेटवर्क’ लिहिलेल्या रकान्यावर टिचकी मारली की जास्त नेट खाणारा वर येतो. बहुतेक वेळा विंडोजचा अपडेट असतो, किंवा वनड्राईव्ह फोटो चढवत बसलेलं असतं. अपडेट बंद करून टाकू नका, ते सुरक्षेसाठी लागतात. फक्त फाईल पाठवायच्या वेळेपुरतं ‘पॉज’ करा आणि संध्याकाळी कार्यालय बंद करताना लावून ठेवा. वनड्राईव्ह वापरत नसाल तर त्याचं सिंक थांबवा.

लोडशेडिंगचं पण बघा. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि बॅटरी वाचवायला वायफायची ताकद कमी करतो. त्यामुळे दुपारी नेट पडतं असं वाटतं, पण पडलेलं असतं ते लॅपटॉपचं वायफाय. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’ असेल तर तिथे बॅटरीसाठीही ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ ठेवा. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, मग बॅटरी सेव्हर तरी बंद करा. डबा इन्व्हर्टरवर आहे का तेही तपासा, नाहीतर एवढं सगळं करून लाईटबरोबर डबाच बंद.

प्रशिक्षणाच्या दिवसाचं वेगळंच. पंचवीस जणी येतात, पंचवीस मोबाईल आपोआप जोडले जातात, आणि प्रत्येकीचा फोन वायफाय मिळालं म्हणून मागचे फोटो चढवायला लागतो. कोणाचा दोष नाही, फोनचीच तशी सवय असते. बहुतेक डब्यांवर ‘गेस्ट’ नावाचं पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क सुरू करता येतं. प्रशिक्षणाला ते द्या, कार्यालयाचं आपल्याकडे ठेवा.

शेवटचा हिशोब असा झाला. केबल आणि खिळ्यांचे मिळून पाचशेच्या आत. ३८ हजारांचा विषय सभेत मागे घेतला, तसं इतिवृत्तात लिहिलंय. १०० चा प्लॅन ठेवायचा की परत ३० वर जायचं याची चर्चा पुढच्या सभेत आहे. आकडे बघितल्यावर माझं प्रामाणिक मत आहे की ३० चाच प्लॅन नीट जोडला असता तर आपलं काम भागलं असतं, पण तीनही खोल्यांत प्रशिक्षणं वाढणार असतील तर १०० राहू द्या. तुम्ही ठरवा, पैसे तुमचे आहेत. सहाही फाईली गेल्या. सभेत मी लेखापाल ताईंची सर्वांसमोर माफी मागितली आणि बोलून गेलेल्या ताई स्वतःहून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

पुढच्या सभेला येताना ज्यांच्या ग्रामसंघात किंवा घरी नेट आहे त्यांनी चार आकडे कागदावर लिहून आणा, डाऊनलोड आणि अपलोड दोन्ही. ज्यांच्याकडे लॅन केबल नाही त्यांनी आमच्याकडची छोटी तार दोन दिवसांसाठी नेली तरी चालेल, रजिस्टरमध्ये सही करून. आणि कार्यालयाचा वायफाय पासवर्ड आता बदललाय. भिंतीवर कॅलेंडरमागे लिहिलेला जुना चालणार नाही, लेखापाल ताईंना विचारा.